फुईचं बोलावणं

मला स्वप्नात गावं दिसतात, आणि ती नेहमी वरून दिसतात. मी कुठेतरी अधांतरी असते. खाली गल्ल्या, खळवाडी, गायरान, नदीकडे उतरणारी वाट, सगळं ओळखीचं असतं, फक्त नदी चुकीच्या बाजूला असते. स्वप्नातच मी चरफडत खोडरबर शोधायला लागते. नवरा म्हणतो, झोपेत तरी जमीन सोड. पण धंदाच असला आहे. धुळ्याच्या एका कार्यालयात मी खेड्यांचे आराखडे करते. घरं कुठं बसवायची, गुरं कुठं बांधायची, रस्ता कुठून न्यायचा, पाणी कुठं मुरू द्यायचं, हे दिवसभर कागदावर ठरवायचं आणि गावकऱ्यांनी ते मोडीत काढलं की पुन्हा ठरवायचं. मला हे काम मनापासून आवडतं. चिडचिडही त्याच कामाची होते.

हे खूळ लागलं ते आगगाडीच्या खिडकीत. आबा, म्हणजे माझे वडील, जळगावला शाळेत मास्तर होते आणि सुट्टी लागली की आम्ही गाडीनं दोंडाईच्याला जायचो. अमळनेर मागं पडलं की मी खिडकी सोडत नसे. कापसाची काळी शेतं, मध्येच हिरवा चौकोन, बांधावरची बाभळ, बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि लांब कुठंतरी पांढरट मातीचं गाव. गाडी पुढं जाई तसे ते चौकोन फिरत, एकमेकांच्या मागं सरकत. कुणी एवढं सगळं आखलं असेल, याचं मला फार नवल वाटे. दोंडाईच्याला उतरून काळीपिवळीत दाटीवाटीनं बसायचं आणि तापीच्या काठी आमच्या गावाला पोचायचं. तिथं ओट्यावर फुई बसलेली असायची.

आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. माझी फुई आबांहून मोठी. लहानपणी तापात तिचे डोळे गेले. लग्न झालं नाही, ती माहेरीच राहिली. गाव तिला अक्का म्हणे. पण आंधळी म्हणून कुणी तिला बाजूला बसवलेलं मला आठवत नाही, कारण गावातलं एक महत्त्वाचं काम तिच्याकडे होतं. आमच्या भाऊबंदात कुणाकडे जेवणावळ असली की घरोघर जाऊन बोलावणं द्यायचं ते फुईनं. बारसं असो, साखरपुडा असो, नव्या बैलजोडीचं जेवण असो. ती डोईवर पदर सारखा करून निघे, हातात काठी नाही, संगतीला कुणी नाही. दारात उभी राहून एकदाच सांगे, "आज आमना घर चूलबंद शे. बठ्ठा जन या." चूलबंद म्हणजे त्या दिवशी बोलावलेल्यांनी आपल्या घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. अक्काचं बोलावणं एकदा दारात पडलं की ते परत जात नसे. नाही म्हणायची रीतच नव्हती. घरात कुणी आजारी असलं तरी निदान एक माणूस येऊन घास घेऊन जाई.

सुट्टीत मी तिच्या मागं मागं जायची. ती पुढं, मी डोळे असलेली मागं. आमचं गाव नदीच्या उतारावर वसलेलं होतं, त्यामुळे सगळा व्यवहार खाले आणि वर या दोन शब्दांत चाले. खाले म्हणजे नदीकडे, वर म्हणजे शेतांकडे. घरातसुद्धा तांब्या खालच्या, म्हणजे नदीकडच्या, कोनाड्यात असे आणि दिवा वरच्या. फुई पायांनी उतार धरून चाले. गिरणीचा आवाज डाव्या कानाला आला की वळायचं, चिंचेची गार सावली अंगावर आली की दोन दारं सोडून थांबायचं. आमच्या दारासमोर जी काकू राहायची तिला सगळेच समोरची म्हणत. ती फुईची बालपणापासूनची मैत्रीण. काकू लग्न होऊन याच गावात दिली गेली, ते घर नेमकं समोरचं निघालं, याचा फुईला काकूच्या लग्नाच्या दिवशी झाला तेवढा आनंद पुढं कधी झाला नसेल, असं आबा सांगत. दोघी आपापल्या ओट्यावर बसून गल्लीच्या वरून बोलत राहायच्या. गाडी आली की थांबायच्या आणि गाडी गेली की तिथूनच पुढं सुरू करायच्या.

मग नदीवर खालच्या अंगाला बंधारा झाला आणि गावाची निम्मी बाजू बुडीतात आली. पाणी काही एकाएकी अंगावर येणार नव्हतं. वर्षानुवर्षं नोटिसा येत होत्या, लोक त्या देवळीत खोचून ठेवत होते. शेवटी ठरलं की अख्खं गाव वरच्या माळावर न्यायचं. माळ मुरमाड, उघडा, वाऱ्याचा. तिथला आराखडा करायचं काम फिरत फिरत माझ्याच टेबलावर आलं. साहेबांना वाटलं, पोरगी तिथलीच आहे, गावकरी ऐकतील. साहेबांना आमच्या गावाची काहीच कल्पना नव्हती.

मला त्या कामाचा इतका आनंद झाला की मी ते कुणाला सांगितलंही नाही. कचेरीत सगळे चहाला गेले की मी जुन्या गावठाणाचा नकाशा काढून बसायची. पिवळा पडलेला कागद, त्यावर बारीक, वाकड्या गल्ल्या. त्यावर मी पारदर्शक कागद ठेवायची आणि पेन्सिलीनं फुईच्या मागं चालायची. आमचं दार. समोरचं दार. गिरणी. चिंच. कचेरीतला पंखा फिरत असे आणि मला नदीचा वास येई. माझ्या मनात एकच होतं. गाव उचलायचं तर गल्लीसकट उचलायचं. ज्याच्या शेजारी जो आहे तो तिथंही त्याच्याच शेजारी, ज्याच्या समोर जो आहे तो समोर. रस्ते नियमाप्रमाणं रुंद करावे लागणार, वळणं थोडी सरळ होणार, पण क्रम तोच. म्हणजे फुई तिथंही एकटी फिरेल. बाकी शाळा, टाकी, खळवाडी, गुरांच्या पाण्याचा हौद, हे सगळं मी त्या एका वाटेच्या भोवती बसवलं. शासकीय आराखडा कुणासाठी करायचा असतो हे मला चांगलं ठाऊक होतं. मी तो फुईसाठी केला.

गावाच्या सभेत मी तो भिंतीवर लावला आणि समजावून सांगितला. लोकांना आवडला. बायका बोट ठेवून आपापलं घर शोधायला लागल्या. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात गावातले एक नाना उठले. हे नाना प्रत्येक सभेत सगळ्यांत शेवटी बोलत आणि त्यांचंच होई. त्यांनी नकाशाकडे पाहिलंही नाही, माझ्याकडे पाहिलं, अगदी मायेनं पाहिलं आणि म्हणाले, "पोर आपली शे. म्हनीसन चिठ्ठ्याच काढा."

आणि सगळ्या सभेनं माना हलवल्या. त्यांचं म्हणणं असं की आराखडा करणारी गावची लेक, तिचं घर गावात, तिचे भाऊबंद गावात. उद्या कुणाला कोपऱ्याचा प्लॉट मिळाला आणि कुणाला उकिरड्याजवळचा, की लोक तोंडावर नाही पण पाठीमागं बोलतील. त्यापेक्षा चिठ्ठ्या टाका. ज्याच्या नशिबात जो प्लॉट तो त्याचा, पोरीवर बोट नको. परका साहेब आला असता तर त्यांनी माझाच आराखडा बिनबोभाट मान्य केला असता. मी तिथंच संतापले. आबा आता निवृत्त होऊन गावीच राहत होते, नंतर त्यांच्याशी भांडले. आबा म्हणाले, अगं, त्यांनी तुझी अब्रू वाचवली. मी म्हटलं, अब्रू घेऊन फुई कुठं फिरणार आहे?

चिठ्ठ्या निघाल्या. आमचा प्लॉट आला वरच्या टोकाला. समोरच्या काकूचा आला गावाच्या पार खालच्या टोकाला, शाळेच्या पलीकडं.

दिवाळी झाल्यावर माळावर आखणी केली. खुंट्या ठोकून, दोऱ्या ताणून, चुन्याची फक्की मारून सगळं गाव जमिनीवर काढलं. प्रत्येक प्लॉट, प्रत्येक गल्ली, आणि लोकांनी हट्ट धरला म्हणून आतल्या खोल्यासुद्धा. तांबूस मुरमावर पांढऱ्या रेघांचं गाव उन्हात पडलेलं होतं. भिंती नाहीत, छप्पर नाही, झाडही नाही. वारा येई तेव्हा एखाद्या रेघेवरून चुना थोडा उडे. मी स्वप्नात जे पाहत आले ते इथं माझ्या पायाशी होतं, आणि मला खरंच कळेना की मी जागी आहे की नाही.

मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून माणसं आली, आपापलं घर बघायला. आणि एक गंमत सुरू झाली. कुणी रेघ ओलांडेना. ज्याला आपल्या प्लॉटवर जायचं तो गल्लीनं चालत गेला, कोपऱ्यावर वळला, जिथं दार म्हणून जागा सोडली होती तिथंच चपला काढल्या आणि आत गेला. बायकांनी चुलीच्या जागी दगड मांडून पाहिले. शेजारच्या प्लॉटवरच्या बाईला काही द्यायचं तर रेघेवरून हात पुढं करायच्या, पाय टाकायच्या नाहीत. एक म्हातारा आपल्या चुन्याच्या खोलीत भिंतीला टेकायच्या बेतानं बसला, टेकायला काही नाही हे लक्षात आल्यावर इकडं तिकडं बघून हसला. मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं, पण त्या सकाळी तिथं भिंती होत्या. मी स्वतः लघवीला जायचं म्हणून निघाले ती दारातून निघाले.

फुई आबांबरोबर आली होती. तिला आमच्या दारात उभी केली. तिनं चप्पल काढली नाही, कारण तिला दार दिसलं नाही. ती जरा वेळ वारा अंगावर घेत उभी राहिली आणि मग तिच्या सवयीनं चालायला लागली, सरळ, पदर सावरून, बोलावणं द्यायला निघते तशी. ती आमच्या भिंतीतून आरपार गेली. शेजारच्यांच्या माजघरातून गेली, त्यांच्या देवघरातून गेली, त्या पलीकडच्या घराच्या चुलीवरून गेली. माणसं आपापल्या खोल्यांत थबकून बघत राहिली. कुणीतरी हळूच म्हणालं, "अक्का, तठे भिंत शे."

फुई थांबली. हात पुढं करून तिनं हवेत चाचपलं. "कोठे शे? माले त लागनी नही."

सगळे हसले, तीही हसली. मग तिनं मला हाक मारली आणि विचारलं, समोरचं दार कुठं आहे. मला खोटं सांगता आलं असतं. पण तिला खोटं सांगायची सवय आमच्या घरात कुणालाच नव्हती. मी सांगितलं की काकूचं घर आता समोर नाही, खाली आहे, पार शेवटी, शाळेच्या पलीकडं. फुईनं त्या दिशेला तोंड वळवलं. ती होती तिथंच, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, खाली बसली. बराच वेळ मुरमावर हात फिरवत राहिली. त्या मातीला कसलाच वास नव्हता.

"मंग आते मी घरमाच बशी ऱ्हासू का?" ती म्हणाली.

तिचा आवाज रडवेला नव्हता. ती फक्त विचारत होती.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात होती, ती मी केली. माळाला खालच्या बाजूला, नदीकडेच, बेताचा उतार होता. ठेकेदाराला तो काढून टाकायचा होता. यंत्र लावतो, मुरूम सारखा करतो, सगळं सपाट, दिसायलाही छान. मी नको म्हटलं. कचेरीत साहेबांसमोर पाण्याचा निचरा, गटारांचा खोलपणा, खर्च, सगळी कारणं मांडली आणि ती सगळी खरीही होती. पण मी भांडले ते त्यांच्यासाठी नाही. गल्ल्या उतारावर राहिल्या तर पायांना खाले आणि वर कळेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. साहेब शेवटी कंटाळून हो म्हणाले.

घरं उभी राहायला काळ गेला. लोकांनी जुन्या घरांचे दरवाजे, खांब, कड्या वर आणल्या आणि नव्या सिमेंटच्या भिंतीत बसवल्या. मारुती आणला. गिरणी मात्र आलीच नाही, गिरणीवाला मुलाकडे सुरतेला निघून गेला. रस्ते रुंद, घरं सारख्या मापाची, रंगही बहुतेकांनी एकाच दुकानातून आणलेला. आणि मग अख्खं गाव हरवलं. आबा फोनवर सांगायचे आणि मी पोट धरून हसायची. एक गृहस्थ शेतावरून दमून आले, घरात शिरले, टोपी खुंटीला अडकवली, चहा मागितला, तेव्हा दुसऱ्याच बाईनं पाणी आणून दिलं. शेळ्या भलत्याच दावणीला जाऊन उभ्या राहायच्या. पाहुणे आले की वाट सांगताना लोक अजून नदीच्या खुणा सांगायचे, घाटाकडे वळा म्हणायचे, आणि पाहुणा माळावर घाट शोधत हिंडायचा. हे सगळे किस्से फुई पुन्हा पुन्हा ऐकायची. आबा म्हणाले, तिला त्यात भारी सुख आहे.

पण ती स्वतः घराबाहेर फारशी पडत नव्हती. कोपऱ्यापर्यंत जायची, भिंतीला हात लावून उभी राहायची आणि परत यायची. सगळ्या भिंतींना एकच वास, सिमेंटचा. समोर एका तरुण जोडप्याचं घर आलं होतं, दोघंही दिवसभर कामाला बाहेर. काकू अधूनमधून वर यायची, पण तिचे गुडघे दुखायचे आणि चढ तिला सोसायचा नाही. तो चढ मीच ठेवला होता. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला जेवण गेलं नाही.

माघात आबांनी घरभरणी ठरवली. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, पूर्वीसारखं. मी दोन दिवस आधी गेले. आबा मोबाईल घेऊन बसले होते. भाऊबंदांचा ग्रुप आहे, त्यावर टाकलं की सगळ्यांना कळतं, असं ते मला सांगत होते, पण सांगताना फुईकडे बघत होते. फुई कणीक चाळत बसली होती. ती चाळणी न थांबवता म्हणाली, "फोनवर कोनी जेवाले येस का?"

आबा म्हणाले, अक्का, नवं गाव आहे, तुला दारं ठाऊक नाहीत, उगाच कुठं पडलीस झडलीस तर. ते काळजीनं बोलत होते हे तिलाही कळत होतं. ती उठली, हात धुतले, लुगडं बदललं. मी म्हटलं, मी येते बरोबर. तिनं मान हलवली.

"तू मांगे येऊ नको," ती म्हणाली आणि उंबऱ्याबाहेर पडली.

मी मागं गेले नाही. मी गच्चीवर चढले. सकाळचं स्वच्छ ऊन होतं. खाली सगळं गाव पसरलेलं होतं, माझ्या हातांनी काढलेलं, रेघ न रेघ माझी, आणि त्यातून फुईचं हिरवं लुगडं चाललं होतं. पुन्हा मला वाटलं, आपण झोपेत आहोत. इतकी वर्षं मी वरून गावं पाहत आले, पण त्यात कधी कुणी ओळखीचं चालत नव्हतं.

आमच्या भाऊबंदांपैकी पहिलं घर खालच्या गल्लीत डावीकडं होतं. फुई एक गल्ली आधीच वळली. माझ्या तोंडातून हाक निघणार होती, मी कठड्याला घट्ट धरलं. तिनं एका दारावर थाप मारली. ते भलत्याच माणसांचं घर होतं, आमच्या भाऊबंदातलं नव्हे, जुन्या गावात पार दुसऱ्या टोकाला राहणारं. एक बाई बाहेर आली. फुई काहीतरी बोलली. आता ती बाई सांगेल, अक्का, तुम्ही चुकलात, आणि हाताला धरून तिला घरी आणेल, असं मला वाटलं. बाईनं पदर डोक्यावर घेतला आणि मान लववली, बोलावणं घेताना लववतात तशी. फुई पुढं गेली. तिची पाठ वळताच ती बाई मागच्या दारानं निघाली आणि गल्ल्यांतून धावत जाऊन ज्यांना बोलावणं द्यायचं होतं त्या घरात शिरली.

पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढच्या दारातही तेच. फुई शांतपणे एका मागून एक चुकीच्या घरी जात होती, पदर डोक्यावर येत होते, माना लवत होत्या, आणि तिच्या पाठीमागं सगळं गाव चप्पल हातात घेऊन धावत होतं. कुणी ओट्यावरून उड्या मारत होतं, कुणी कुंपणावरून खुणा करत होतं. सगळं मुक्यानं चाललं होतं. तिला कळू नये म्हणून बायांनी पोरांच्या तोंडावर हात ठेवले होते. ज्या गावानं माझा आराखडा चिठ्ठ्यांनी उधळून लावला, तेच हे गाव. मला रडू आवरेना आणि हसूही आवरेना.

एवढ्यात शाळेच्या बाजूनं दोन बाया समोरच्या काकूला घेऊन आल्या. दोन्ही बाजूंनी दंड धरून, जवळजवळ उचलून, मागच्या गल्लीच्या चढानं. काकूनं गुडघ्याचं दुखणं कुठं टाकलं होतं कोण जाणे. फुई ज्या दाराकडे चालली होती त्या घरात तिला मागून शिरवलं. फुई दारात पोचली तेव्हा काकू आतून, जणू आपल्याच घरातून, उंबऱ्यात येऊन उभी राहिली. दोघी बराच वेळ बोलल्या. फुईनं तिचा हात धरला. मग ती वळली आणि चढ धरून घराकडे निघाली, एकटी.

जेवायला संध्याकाळी गाव लोटलं. ज्यांना बोलावणं द्यायचं होतं ते आले, आणि ज्यांच्या दारात चुकून पडलं होतं तेही आले, कारण अक्काचं बोलावणं दारात पडल्यावर न जाणं कसं चालेल? आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बट्ट्या संपल्या, पुन्हा कणीक मळली, शेजारणींनी आपापल्या घरून भाकरी आणल्या, वरणात पाणी वाढवलं. नाना पंगतीत सगळ्यांत शेवटी बसले आणि भाजी फार छान झाली म्हणाले. मी त्यांना मुद्दाम तिखट वाढलं.

सगळं आवरल्यावर मी फुईजवळ ओट्यावर बसले. ती समाधानानं पाय चोळत होती. तिला सगळं खरं सांगावं की नाही, हे मला कळत नव्हतं. गावानं एवढी धावपळ करून तिचा मान राखला होता, तो मी का मोडावा? म्हणून मी नुसतं विचारलं, सगळी दारं सापडली का.

"बठ्ठा दार चुकनू," ती म्हणाली.

ती सांगायला लागली. पहिल्याच दारात आवाज ऐकला तेव्हाच तिला कळलं होतं की ही भलतीच बाई आहे. इतक्या वर्षांत गावातला कुठला आवाज तिच्या ओळखीचा नव्हता? पण ती बाई हो म्हणाली, तर आपण नाही का म्हणायचं? ज्यानं दार उघडलं त्याला बोलावणं दिलं. मागं पावलं धावतात तीही ऐकू येत होती. बिचाऱ्या दमल्या असतील, ती म्हणाली. मग ती हसायला लागली, इतकी की तिला बोलता येईना.

"नी ती समोरची! दम लागेल व्हता तिले. सोताना घरमा कोनले दम लागस का?"

मीही हसले. हसता हसता ती गंभीर झाली आणि तिनं मला विचारलं की आपली गल्ली धरून सरळ उतारानं गेलं तर शाळा लागते ना. मी हो म्हटलं. पोरांचा गलका डाव्या कानाला घेऊन पुढं गेलं की काकूचं दार ना? मी म्हटलं, हो, शेवटचं. तिनं ते मनाशी दोनदा म्हटलं. "सकाय मी जासू तिना घर," ती म्हणाली. "तिले सांगू नको."

दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा झाल्यावर ती निघाली. दारात क्षणभर थांबून तिनं पायानं उतार पाहिला आणि मग खाली चालायला लागली, पदर सावरून, काठी नाही, संगतीला कुणी नाही. मी आत जाऊन रात्रीची भांडी घासायला घेतली. गच्चीवर चढले नाही.